डॉक्टरबाईंना मेल लगेच हवी होती

पाटोद्याच्या बाजारतळाजवळ माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आता निम्म्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात, कारण गिऱ्हाईक त्यांनाच आहे. तरी पाटीवर अजून ‘अंबादास कम्प्युटर्स’ असंच लिहिलेलं आहे आणि ते मी पुसणार नाही.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहा, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. गमती भरपूर आहेत. आमच्या इथले एक आडत दुकानदार कम्प्युटर कधी बंदच करत नसत. का म्हणून विचारलं तर म्हणाले, “मेल आली आन् दार बंद बघून माघारी गेली तर?” एक पुढारी होते, त्यांना मेल विरोधी पार्टीच्या आधी यायला हवी होती. “त्यांची जिथून येते तिथूनच आपली येते, साहेब,” असं मी सांगितलं तर त्यांना वाटलं, मी फितूर आहे.

पण लिहायला बसलो की प्रत्येक वेळी डॉक्टरबाईच समोर येतात. तेव्हा गमती राहू द्या. बाईंचंच सांगतो.

डॉ. सुमनबाई आमच्या पाटोद्याच्याच. जन्मभर संभाजीनगरला मोठ्या सरकारी दवाखान्यात नोकरी केली, तिथल्या पोरांना शिकवलंही. त्यांचं काम पेशंटला हात लावण्याचं नव्हतं. एक्स-रे, स्कॅन असल्या यंत्रांतून जी चित्रं निघतात ती वाचायची आणि काय झालंय ते लिहून द्यायचं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर थोरल्या भावाकडे, बापूंकडे राहायला आल्या. बापू म्हणजे जुने बागायतदार माणूस. पंचायत समितीत होते, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. बहीण परत आली म्हणून त्यांनी माडीवरची उजेडाची खोली तिला दिली. संध्याकाळी दोघं गाडीतून मळ्यात जायची, विहिरीच्या कट्ट्यावर बसायची, दिवेलागणीला घरी. दुकानात बसून मी रोज ती गाडी जाताना बघायचो.

मग मांजरसुंब्याजवळ हायवेला एक नवा दवाखाना निघाला. त्या रस्त्यावर अपघात किती होतात हे तिकडच्या ढाबेवाल्यांना विचारा. दवाखान्याचे डॉक्टर निखिल हे बाईंचे विद्यार्थी. त्यांनी स्कॅनचं यंत्र आणलं, पण त्याची चित्रं वाचणारा डॉक्टर इकडे यायला तयार होईना. म्हणून ते बाईंकडे आले. म्हणाले, “मॅडम, तुम्ही घरीच बसा. आम्ही दवाखान्याच्या मेलवर चित्रं पाठवतो, तुम्ही बघून कळवा.” बाई मनापासून खूश झाल्या. मोठा स्क्रीन मागवला, घरचाच कम्प्युटर साफसूफ करून घेतला आणि दवाखान्याची मेल त्यावर बसवायला मला बोलावलं.

मी बसवली. दोनच दिवसांत बाईंचा फोन आला. “अंबादास, मेल उशिरा येते. निखिल म्हणतो पाठवून बराच वेळ झाला, आणि माझ्याकडे काहीच नसतं.”

मी गेलो आणि त्यांना समजावून सांगितलं, तेच इथे सांगतो. मेल आपल्या घरी येत नाही. ती दूर कुठेतरी एका मोठ्या कम्प्युटरवर येऊन पडते. आपला घरचा कम्प्युटर थोड्या थोड्या वेळाने तिकडे जाऊन विचारतो, आमचं काही आहे का? असलं तर घेऊन येतो. आत्ताच विचारून गेला आणि मागोमाग मेल आली, तर ती त्याच्या पुढच्या फेरीपर्यंत तिथेच पडून राहते.

बाईंनी नीट ऐकलं. “म्हणजे मेल आलेलीच असते. आपणच विचारायला उशिरा जातो.”

“हो.”

“डोक्यात रक्त साकळत असेल तर तो माणूस तुमच्या फेरीसाठी थांबत नाही हो. दुसरी काही सोय आहे का?”

सोय होती. विचारायला जायचंच नाही, लाइन उघडी ठेवायची आणि तिकडे मेल पडली की तिकडूनच हाक यायची. पण दवाखान्याने घेतलेली मेलची सेवा जुनी आणि स्वस्तातली, तिला हाक मारता येत नव्हती. मी मांजरसुंब्याला जाऊन डॉक्टर निखिलना पटवलं, सेवा बदलून घेतली. तरी मेल मधूनच उशिरा यायची. बघतो तर बाई जरा उठल्या की कम्प्युटर वीज वाचवायला झोपी जायचा आणि झोपेत हाक ऐकू येत नाही. ती झोप काढली. मग लाइट गेली की इंटरनेटची डबी बंद पडायची, तिला इन्व्हर्टरची जोड दिली. असं एकेक करत शेवटी एका दुपारी मी बाईंच्या खोलीतून डॉक्टर निखिलना फोन लावला आणि म्हणालो, “पाठवा.” ते “पाठवली” म्हणेपर्यंत कम्प्युटर टिंग वाजला.

बापू दारात उभे होते. “तिकडं बोट दाबलं आन् इकडं आली?”

“आली बापू.”

“लई भारी काम केलंस रे,” म्हणाले आणि मला जेवायला बसवलं. त्या दिवशी मी फार मोठा माणूस होतो. खोटं कशाला बोलू.

आणि कामही तसंच झालं. पुढच्याच महिन्यात जीपमधून पडलेली एक बाई दवाखान्यात आली. डोक्याला मार, पण शुद्धीवर. बोलत होती, बिस्कीट खाल्लं होतं, नवरा घरी न्यायची घाई करत होता. स्कॅन बाईंकडे आला, बाईंनी पाहिला आणि तसाच फोन उचलला. “निखिल, तिला सोडू नकोस. आत रक्त वाढतंय. गाडी तयार ठेव.” त्या बाईचं संभाजीनगरला ऑपरेशन झालं आणि ती वाचली. बऱ्याच दिवसांनी तिचा नवरा सीताफळांची पाटी डोक्यावर घेऊन बापूंच्या वाड्यासमोर हजर. मी काही कामाने तिथेच होतो. त्याला मीच डॉक्टर वाटलो आणि तो माझ्या पाया पडायला वाकला. बाई हसत म्हणाल्या, “पडू द्या, पडू द्या. तुमचाही वाटा आहे.”

हा माझ्या धंद्यातला सगळ्यात चांगला दिवस. त्याच्यापुढचं सांगायला जड जातं.

संध्याकाळची गाडी दिसेनाशी झाली. पहिल्यांदा वाटलं, बापूंना बरं नसेल. मग एकदा बापूच दुकानात आले आणि स्टूल ओढून बसले.

“अंबादास, तू काय करून ठेवलं हे?”

“काय झालं बापू?”

“आमची सुमन खुर्चीवरून उठंना. जेवायचं ताट वर मागती. मळ्यात चल म्हटलं की म्हणती, मेल येईल. अरे, सरकारी नोकरीत होती तवा तरी सुट्टी होती तिला.”

मी वर जाऊन बाईंशी बोललो. मेल फोनवरही येईल अशी सोय करून दिली, पण बापूंच्या मळ्यात रेंज नव्हती आणि फोनच्या एवढ्याशा काचेवर ती चित्रं वाचता येत नाहीत. बापूंना वाटायचं, मेलची टिंग ऐकू यायला अंगणात कर्णा लावला की झालं. मी बाईंना म्हणालो, “तुमच्या जोडीला आणखी एखादा डॉक्टर घ्यायला सांगा ना.”

“निखिल शोधतोय. मिळेल तेव्हा मिळेल. तोवर मी आहे.”

“सगळा वेळ कसं जमेल?”

“आधी मेल उशिरा येत होती तेव्हा चूक मेलची होती, अंबादास. आता लगेच येते. आता उशीर झाला तर तो माझा.”

मी माउस बदलून दिला आणि घरी आलो.

बापूंच्या नातीचा, अनुराधाचा साखरपुडा ठरला. गावातल्याच मंगल कार्यालयात, दुपारचा. अनुराधाने हट्टच धरला की आत्याआजी नसली तर अंगठी घालून घेणार नाही. बाईंनी चार दिवस आधी डॉक्टर निखिलना फोन करून सांगितलं. त्या दुपारी मी नाही, पेशंट आला तर स्कॅनसाठी न थांबवता सरळ बीडला पाठवा. ते हो म्हणाले. त्या दिवशी बाई मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या. बापू तर बहिणीचा हात धरून एकेका पाहुण्यापुढे नेत होते. “ही आमची सुमन. डॉक्टर हाय.” जणू कोणाला माहीत नव्हतं.

मीही पंगतीला होतो. अंगठ्या झाल्या, बाहेर बँड सुरू झाला. बाईंनी सहज पर्समधून फोन काढला आणि त्यांचा चेहरा उतरला. दवाखान्याचे तीन फोन येऊन गेले होते. त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “गाडी आहे का तुमची? मला घरी सोडा.”

माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, साडीचा घोळ एका हाताने सावरत त्या घरी आल्या. वर गेलो. स्क्रीनवर मेल होती. तिच्या शेजारी वेळ होती आणि ती अंगठी घालण्याच्याही आधीची होती. मेलने एक क्षणही लावला नव्हता. मी बसवलेली प्रत्येक गोष्ट बरोबर चालली होती.

बाईंनी उभ्या उभ्याच चित्रं उघडली. मला त्यातलं काही कळत नाही, पण माउसवर त्यांची बोटं जागीच थांबली, त्यावरून वाईट आहे हे कळलं. त्यांनी फोन लावला. “अजून तिथेच आहे का तो? आत्ताच्या आत्ता हलवा. कोणासाठी थांबलात तुम्ही?”

तिकडचं उत्तर मला नंतर समजलं. डॉक्टर निखिल ऑपरेशनमध्ये होते. ड्यूटीवरचा डॉक्टर त्याच आठवड्यात लागलेला. आज मॅडम नाहीत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला एवढंच सांगितलेलं, की मॅडमना मेल टाकली की उत्तर लगेच येतं. म्हणून त्याने मेल टाकली आणि उत्तराची वाट बघत थांबला. बराच वेळ गेल्यावर फोन केले, ते बँडच्या आवाजात बुडाले.

जखमी माणूस शाळामास्तर होता. मोटारसायकल घसरली होती. आला तेव्हा बोलत होता, मग गुंगीत गेला. बीडला नेताना वाटेतच त्याचा जीव गेला.

ही बातमी फोनवर आली तेव्हा मी माडीवरच होतो. बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “आधी पाहिलं असतं तरी तो वाचला असता असं नक्की सांगता येत नाही. पण हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हणावं. मला म्हणता येणार नाही.”

दहा-बारा दिवसांनी त्या दुकानात आल्या. त्या दुकानात कधी येत नसत. “अंबादास, त्या मास्तरांच्या गावी जायचंय. बापूला सांगितलं तर तो येऊ देणार नाही. तुम्ही न्याल का?”

मी शेजारच्याची कार मागून घेतली. गाव डोंगराच्या कडेला होतं. मास्तरांच्या घरापुढे मांडव अजून होता. वडील ओसरीवर बसले होते, सत्तरीचे, डोक्याला मुंडासं. शेती स्वतः करणारा माणूस, हातावरून दिसत होतं. बाईंनी चपला खाली काढल्या आणि त्यांच्यासमोर खाली बसल्या. मी घोंगडीच्या कडेला टेकलो.

“तुमी कोण?” त्यांनी विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. आपण कोण, काम काय, त्या दिवशी कुठे होतो, चित्रं कधी आली, आपण कधी पाहिली. आपली बाजू म्हणून एक शब्द घातला नाही. नव्या डॉक्टरचं नावही काढलं नाही. मी मध्ये बोलायला गेलो, “तसं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं...” तर त्यांनी हाताने मला थांबवलं.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. घरात बायका होत्या, त्यांचे आवाज थांबले. मला भीती वाटत होती की आता हा माणूस उठेल, आरडाओरडा करेल, गाव जमा होईल. पण त्याने एवढंच विचारलं,

“तुमी त्याच्या डोस्क्याच्या आतलं बघितलं म्हणता.”

“हो.”

“मग एक सांगा. त्याला लई दुखलं का? शेवटाला? त्याची माय रोज इचारती. मला काय सांगावं कळत न्हाई.”

बाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “सुरुवातीला डोकं दुखलं असेल. पण नंतर त्याला झोप लागल्यासारखं झालं. त्यातून तो परत जागा झाला नाही. शेवटी त्याला काही कळत नव्हतं. हे मी खरं सांगते आहे, बरं वाटावं म्हणून नाही.”

म्हाताऱ्याने आत तोंड करून हाक मारली. “ऐकलंस का गं? डाक्टरीण सांगती. झोपेतच गेला म्हणं.”

थोड्या वेळाने एक पोरगी चहा घेऊन आली. आम्ही तो घेतला. निघताना म्हातारा दारापर्यंत आला. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही आणि बाईंनी मागितलीही नव्हती. “नीट जावा,” एवढंच म्हणाला.

त्यानंतर बाईंनी डॉक्टर निखिलना सांगितलं, की मी एकटी हे काम करणार नाही. लातूरला त्यांची एक विद्यार्थिनी होती, ती तयार झाली. मी दोघींच्या घरच्या कम्प्युटरवर मेल बसवली. एक दिवस हिची पाळी, एक दिवस तिची. जिची पाळी तिने मेल उघडताच ‘बघते आहे’ एवढे दोन शब्द उलट पाठवायचे. ते आले नाहीत तर दवाखान्याने वाट बघायची नाही, पेशंट तसाच पुढे न्यायचा. बाईंनी हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून दवाखान्याच्या भिंतीवर लावून घेतलं. फार सोपी गोष्ट होती. त्यात माझ्या विद्येचं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशीही ती करता आली असती, पण मेल लगेच यावी यातच आम्ही सगळे इतके गुंतलो होतो, की आल्यावर ती बघायला कोण असेल हे विचारायला कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, डॉक्टर निखिलनाही नाही. बाईंनाही नाही, कारण त्यांच्या मनात त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

नवी पद्धत छान चालली. आजही चालते. त्यानंतर असा प्रसंग त्या दवाखान्यात घडला नाही, असं डॉक्टर निखिल सांगतात. मला वाटलं होतं, आता निम्मे दिवस तरी बाई मोकळ्या झाल्या. संध्याकाळची गाडी पुन्हा दिसेल म्हणून मी कितीतरी दिवस रस्त्याकडे बघत होतो.

त्या उन्हाळ्यात अनुराधाचं लग्न लागलं. तेच कार्यालय. तारीख ठरवताना बापूंनी मुद्दाम मला विचारून घेतलं होतं, की त्या दिवशी पाळी कोणाची येते. लातूरच्या बाईंची येत होती. मी कॅलेंडरवर दाखवलं तेव्हा बापूंना केवढा आनंद झाला. “म्हंजे सुमन दिवसभर आपली,” म्हणाले.

अक्षता पडल्या, बाई दिसेनात. पंगत बसायची वेळ झाली तेव्हा बापूंनी मला हळूच घरी पाठवलं. “बघून ये. सावकाश घेऊन ये, घाई न्हाई.”

घर मोकळं होतं, सगळे कार्यालयात. मी माडीवर गेलो. बाई जरीच्या साडीत, केसांत गजरा घालून, पूर्ण तयार होऊन स्क्रीनसमोर बसल्या होत्या. स्क्रीनवर काहीच नव्हतं.

“बाई, आज तुमची पाळी नाही.”

“माहीत आहे.”

“लातूरच्या मॅडम आहेत. मी सकाळी स्वतः फोन करून खात्री केली.”

“मीही केली.”

“मग चला ना. बापू थांबलेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना यायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोरही दिला, अर्ध्या उठल्याही. मग परत बसल्या.

“नाही होत हो अंबादास,” त्या म्हणाल्या. “जिन्यापर्यंत दोनदा जाऊन आले. तुम्ही जा. अनुराधाला म्हणावं, मी इथून तिला बघितलं. तिची गाडी इकडूनच गेली.”

मी पंगतीत परत आलो. बापूंनी आपल्या शेजारचा पाट मोकळा ठेवला होता, त्याच्यापुढे पान वाढलेलं होतं. त्यांनी माझ्यामागे दाराकडे बघितलं.

“येतायत,” मी म्हणालो. “मागून.”

बापूंनी मान हलवली आणि वाढप्याला थांबवून शेजारच्या पानावर आणखी एक पुरणपोळी वाढायला सांगितली. पंगत उठेपर्यंत ते त्या पानाला कोणाचा पाय लागू नये म्हणून हात आडवा धरून बसले होते.